गुप्तहेराला गृहकर्ज मिळेल का?

‘द फॅमिली मॅन’मधला श्रीकांत तिवारी दहशतवाद्यांच्या मागावर असतो आणि मधल्या वेळात गृहकर्जासाठी बँकेतल्या माणसासमोर बसतो. मुलीच्या शाळेतून मुख्याध्यापकांचं बोलावणं येतं, बायकोला दिलेली वेळ चुकते, आणि घरी सांगायला एक नवी थाप तयार ठेवावी लागते. राज आणि डीके यांची ही मालिका २०१९ साली आली तेव्हा घोडबंदर रोडला किंवा पलावात फ्लॅट घेऊन हप्ते फेडणाऱ्या प्रेक्षकाला मनोज बाजपेयीचा हा गुप्तहेर शेजारच्या विंगमधला वाटला, यात नवल नाही. सोबतीला शारिब हाश्मीचा जेके तळपदे. आडनावासकट आपला!

मोठ्या पडद्यावरच्या हेराला असले व्याप नसतात. ‘एक था टायगर’ (२०१२), ‘वॉर’ (२०१९), ‘पठाण’ (२०२३) या चित्रपटांतल्या एजंटांना रजेचा अर्ज भरावा लागत नाही, प्रवासभत्त्याची बिलंही जोडावी लागत नाहीत. ‘पठाण’मध्ये शाहरुख आणि सलमान धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करतात. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आत शिरायला जागा मिळवणाऱ्या डोंबिवलीकराला त्या टपाचं फार अप्रूप वाटू नये, पण त्यानेही शिट्ट्या मारल्या. चित्रपटाने जगभरात हजार कोटींच्या वर गल्ला जमवला.

या दोन घराण्यांचे मूळपुरुष इंग्लंडचे. इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. १९५३ साली त्यांनी जेम्स बाँड कागदावर आणला आणि १९६२च्या ‘डॉ. नो’पासून तो पडद्यावर आला. पाचच वर्षांनी जितेंद्र ‘फर्ज’मध्ये एजंट ११६ झाला, आणि १९७९ साली मिथुन ‘सुरक्षा’त गनमास्टर जी-९. दुसरे जॉन ल कारे. तेही प्रत्यक्ष हेरखात्यात काम केलेले, पण त्यांचा जॉर्ज स्मायली बुटका, जाडसर, टायच्या टोकाने चष्मा पुसणारा. बीबीसीने १९७९ साली अ‍ॅलेक गिनेसला घेऊन ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ सात भागांत दाखवलं. त्यात माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतात, फायली चाळतात, एकमेकांवर संशय घेतात. बहुतेक काळ एवढंच.

आपल्याकडे हेरकथेची भूक आधी पुस्तकांनी भागवली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पोरं. गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज उभे केले, तेही बाराशेहून अधिक कादंबऱ्यांच्या पसाऱ्यात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पण ही पुस्तकं खरी फिरली ती गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ऱ्यांतून. एका दुपारी एक वाचायचं, संध्याकाळी बदलून आणायचं. हे नायक बाँडच्याच गोतातले, देखणे आणि अजिंक्य. सुरतेच्या स्वारीआधी शहराची खडान्‌खडा बातमी आणणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो बहिर्जी नाईक मात्र वेषांतर करून गर्दीत मिसळणारा, ओळखू न येणारा. मराठी पडद्यावर गुप्तहेर असा फारसा रुळलाच नाही. श्रीकांत तिवारीचा मराठी नातेवाईक शोधायचा तर तो हेरांत नाही, ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) सापडेल. निशिकांत कामत यांच्या त्या चित्रपटातला माधव आपटे बँकेत नोकरी करतो, रोज तीच गाडी पकडतो आणि एक दिवस त्याचा बांध फुटतो. ‘फॅमिली मॅन’च्या दुसऱ्या पर्वात हेरगिरी सोडून आयटी कंपनीत गेलेल्या श्रीकांतला तिथला तरुण बॉस ‘मिनिमम गाय’ बनू नकोस म्हणून डोस पाजत राहतो. शेवटी श्रीकांतचा हात उठतो, तेव्हा आपट्यांची आठवण येते.

मालिकेला हे जमतं याचं एक कारण साधं आहे, वेळ. अडीच तासांत हेराला वाट पाहताना दाखवलं तर थिएटरात चुळबुळ सुरू होते. आठ-दहा भागांत वाट पाहणं हीच गोष्ट होते. नीरज पांडे यांच्या ‘स्पेशल ऑप्स’मध्ये (२०२०) के. के. मेनन यांचा हिम्मत सिंग संसद हल्ल्यामागच्या सूत्रधाराच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला आहे. त्याच्या गोष्टीचा सांगाडा मात्र ऑडिटचा. समोर दोन अधिकारी आणि प्रश्न एकच, हे कोट्यवधी रुपये खर्च झाले कुठे? व्हाउचर मागणाऱ्याला राष्ट्रहित सांगून भागत नाही, हे सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही पटेल.

प्रत्यक्षातली हेरगिरी याहूनही बेचव असते. मे २०२५ मध्ये एटीएसच्या ठाणे पथकाने कळव्यातल्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आरोप असा, की फेसबुकवर स्त्रिया असल्याचं भासवून पाकिस्तानी हस्तकांनी त्याला गाठलं आणि नौदलाच्या जहाजांची, पाणबुड्यांची माहिती काढून घेतली. कामाच्या जागी मोबाइल आत नेता येत नसे, म्हणून पाहिलेलं लक्षात ठेवून बाहेर आल्यावर रेखाटनं आणि ध्वनिसंदेशांतून ते कळवलं, असं तपासयंत्रणेचं म्हणणं. दोन वर्षं आधी पुण्यात डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना अशाच ऑनलाइन ओळखीच्या प्रकरणात अटक झाली होती. कुठे कॅसिनो नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. एक फ्रेंड रिक्वेस्ट.

म्हणजे मालिका सगळं खरं दाखवतात असंही नाही. आयबी आणि रॉ यांना अटकेचे अधिकारच नाहीत. पकडायचं काम पोलिसांचं, किंवा २६/११नंतर आलेल्या एनआयएचं. श्रीकांतचं ‘टास्क’ पथक काल्पनिक आहे, त्यामुळे त्याच्या हाती पिस्तूल देता येतं, आणि दर दोन भागांनी ते झाडलंही जातं. उलट मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८) सिनेमा असूनही हेरगिरीची किंमत अधिक नेमकी दाखवतो. त्यातली सेहमत कामगिरी फत्ते करून परतते ती मोडून पडलेली.

यंदाच्या सुट्टीत एकच मालिका पाहायची असेल, तर ‘स्लो हॉर्सेस’ लावावी. गॅरी ओल्डमनचा जॅक्सन लॅम्ब फाटक्या मोज्यांनिशी टेबलावर पाय टाकून बसतो, आणि त्याच्या हाताखाली कामात चुका करून बाजूला टाकलेली एमआय-५ची माणसं आहेत. सबटायटल्स लावून पाहावी. लॅम्बच्या शिव्या एरवी निम्म्या निसटतात.