उडीनंतर घोड्याचा कोणता पाय पुढे?

लहान मुलांचा ‘घोडा घोडा’ खेळ तुम्ही पाहिलाच असेल. हातात लगाम असल्यासारखं करून टबडक टबडक धावताना मूल दोन्ही पाय सारखे टाकत नाही. एक पाय कायम पुढे, दुसरा त्याच्या मागून. आता तुम्हीच उजवा पाय पुढे ठेवून असं धावा आणि डावीकडे झटकन वळा. पायात पाय येतो ना? घोड्याचंही अगदी तसंच होतं.

दुडक्या चालीहून वेगवान, पण भरधाव धावण्याहून संथ अशी घोड्याची जी चाल असते तिला कँटर म्हणतात. ही चाल ३ ठोक्यांची. डावीकडे वळायचं असेल तर आधी मागचा उजवा पाय टेकतो, मग मागचा डावा आणि पुढचा उजवा एकदम, आणि शेवटी पुढचा डावा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. पुढचा डावा पाय सगळ्यांत पुढे पडतो, म्हणून ही ‘डावी लीड’. ज्या बाजूला वळण, त्या बाजूची लीड, एवढं लक्षात ठेवा.

शो जंपिंगमध्ये एका अडथळ्यानंतर लगेच वळण आणि वळणानंतर दुसरा अडथळा असतो. (ऑलिंपिकमधल्या इव्हेंटिंग प्रकारातही शेवटचा टप्पा उड्यांचाच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला फवाद मिर्झा त्यात २३वा आला.) घोडा चुकीच्या लीडवर उतरला की वळणावर बाहेर ओढला जातो, तोल सावरण्यात ढांगा वाया जातात आणि पुढच्या अडथळ्यासमोर तो वाकडा पोहोचतो. दांडी पडते, ४ दंडगुण बसतात. पाहणाऱ्याला वाटतं घोडा दुसऱ्या उडीला चुकला. खरी चूक पहिल्या उडीतच झालेली असते!

गंमत अशी की, लीड हवेत असतानाच बदलता येते. म्हणून स्वाराने खूण उतरल्यावर नाही, उडीतच द्यायची. ती खूण कशी? नजर आणि मान वळणाकडे. त्या बाजूचा हात लगामासकट किंचित बाहेर उघडायचा. त्याच बाजूच्या रिकिबीवर थोडा जास्त भार आणि दुसरा पाय तंगाच्या जरा मागे. अंग मात्र एका बाजूला झोकून द्यायचं नाही. तसं केलं तर घोड्याचाच तोल जातो.

सराव उंच उडीपासून सुरू करत नाहीत. जमिनीवर एक दांडी ठेवतात आणि तिच्यावरून इंग्रजी आठचा आकडा काढतात, म्हणजे दांडी ओलांडताना दरवेळी दिशा बदलते. हे जमलं की दांडीच्या जागी फुलीसारखा बुटका अडथळा येतो.

आणि चुकीच्या पायावर उतरला तर? चाबूक अजिबात नको. घोड्याला शांतपणे दुडक्या चालीवर आणायचं, बरोबर लीड मागायची आणि पुन्हा त्याच अडथळ्याकडे न्यायचं. आपण जसे डावखुरे-उजवे असतो तशी बऱ्याच घोड्यांनाही एक बाजू जास्त सोयीची असते, त्यामुळे अवघड बाजूला जास्त फेऱ्या लागतात. त्याला हट्टीपणा म्हणणं मला तरी पटत नाही. पुष्कळदा स्वारच सवयीने एका बाजूला झुकून बसलेला असतो, आणि बिचारा घोडा त्याचंच ऐकत असतो.