लोहमार्गाकडेची सफाई

लोहमार्गाकडेची सफाई : लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस रेल्वेच्या हद्दीपर्यंत असलेल्या पट्ट्यातील झाडझाडोरा, दगडमाती व टाकाऊ सामान काढून टाकण्याचे काम. गाड्यांच्या सुरक्षिततेशी असलेला त्याचा संबंध सहज ध्यानात येतो. तथापि त्याची खरी निकड मार्गावर पायी हिंडणाऱ्या कामगारास असते.

खडीच्या उतारालगत एक सपाट पट्टी राखलेली असते. गाडी येताच कीमन, मुकादम व गँगमन हत्यारांसह तिच्यावर उतरतात. ताशी ११० किमी. वेगाची गाडी सेकंदाला सुमारे ३० मी. अंतर तोडते. ती ४५० मी. अंतरावरून दिसली, तर बाजूला होण्यास १५ सेकंद मिळतात. वळणाच्या आतील बाजूस झुडपे माजून ती १५० मी.वरच दिसू लागली, तर अवघे ५ सेकंद उरतात. अशा वेळी पट्टीवर जुने स्लीपर, रुळांचे तुकडे वा खडीचे ढीग पडलेले असल्यास पाय ठेवण्यासही जागा राहत नाही. हे सामान पुष्कळदा दुरुस्तीच्या कामानंतर रेल्वेनेच मागे ठेवलेले असते, हे विशेष.

भारतात पावसाळ्यापूर्वी कडेची गटारे उपसतात व पावसाळा सरल्यावर तण काढतात. खुरपे, कोयता व फावडे हीच मुख्य साधने होत. कोकणात गवतात फुरशासारखे विषारी साप आढळत असल्याने हे काम स्वतःच जोखमीचे ठरते. २५,००० व्होल्टच्या विद्युत् तारांजवळील फांद्या मात्र वीजप्रवाह बंद केल्यावाचून तोडता येत नाहीत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर तणापेक्षा गाळ व वस्त्यांतून फेकलेला कचरा यांचाच उपद्रव अधिक. तो वाहून नेण्यासाठी खास मालगाड्या सोडाव्या लागतात. डब्यांतील शौचालयांची घाण थेट मार्गावर पडण्याची जुनी पद्धत जैव शौचालयांमुळे एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मागे पडली.

ब्रिटनमध्ये वाफेच्या एंजिनांच्या ठिणग्यांनी वणवे लागू नयेत म्हणून उतारांवरील गवत व झुडपे नेमाने कापली जात. १९६८ मध्ये तेथील मुख्य मार्गांवर वाफेची एंजिने बंद झाल्यानंतर ही निगा ढिली पडली आणि तेथे दाट झाडी वाढली. शरद ऋतूत तिची पाने रुळांवर चिरडून निसरडा थर जमतो व गाड्यांची चाके घसरतात.