हद्दीपर्यंत फुकट

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी साडेनऊलाच डोळे दिपतायत. बेळगाव गाडी लागलेली आहे आणि आईने खिडकीची जागा रुमाल टाकून नव्हे, स्वतः बसून धरली आहे. पायांमध्ये खोका. त्यात गवतावर निजवलेले दोन डझन हापूस. रत्नागिरीहून निघाले तेव्हा चार डझन होते. दोन डझन कोल्हापुरात तिच्या डीएडच्या मैत्रिणीकडे उतरले. मांडीवर कापडी पिशवी. ती पिशवी हा वेगळाच विषय आहे.

दरवर्षी मे महिन्यात आई डोंबिवलीतून ती घेऊन निघते. मामाकडे जाताना तिच्यात चकल्या आणि भाच्याच्या मुलाला कपडे असतात. तिथून निघताना आमसुलं, कुळथाचं पीठ, तळलेले गरे. कोल्हापुरात गरे आणि निम्मं पीठ जातं, त्यांच्या जागी कांदा-लसूण चटणीची बरणी आणि गुळाची लहान ढेप येते. पिशवी कधी रिकामी होत नाही आणि कधी तिच्या मालकीचं काही तिच्यात नसतं. मी दरवर्षी बरोबर असते, यंदा हमाल म्हणून. गुडघा दुखतो असं तिने सांगितलेलं नाही, पण आंबा घाटात गाडी चहाला थांबली तेव्हा ती उतरली नाही, तेव्हा मी समजले.

कंडक्टर येतो. आई तयारच आहे. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून, फोटो त्याच्याकडे करून, परीक्षकाला हॉलतिकीट दाखवावं तसं धरते. सत्त्याहत्तर पूर्ण. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, पण तिला आणखी थोडी वाट बघावी लागली. तोवरचं अर्धं तिकीट तिला अर्धवट सन्मान वाटायचा.

“कुठं, आजी?”

“बेळगाव.”

“हद्दीपर्यंत फुकट. तिथनं पुढं तिकीट पडतंय.”

“हद्द म्हणजे नेमकी कुठे?”

“कागल सोडलं की. दूधगंगेकडं.”

माझंही तसंच. बाईमाणूस म्हणून हद्दीपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. मशीन कुरकुरतं आणि दोघींच्या हातात प्रत्येकी दोन-दोन तिकिटं येतात. आई शून्य रुपयांचं तिकीट पर्समध्ये ठेवते आणि पैशाचं माझ्याकडे देते.

गाडी हायवेला लागते. शेजारच्या बाकावर एक आजोबा नातवाला कुठल्या तरी आत्याकडे नेतायत. नातवाला उलटी होईल म्हणून त्याच्या हातात लिंबू दिलेलं आहे आणि तो ते चाटून संपवत आणतोय. मागे कोणी तरी पिकलेला फणस चढवला आहे. वासावरून कापा, असं आई म्हणते. तो कापा आहे की बरका यावर मागची बाई आणि आई यांच्यात मान न वळवता संभाषण होतं. दहा मिनिटांत त्या बाईची सून कुठली आणि तिचं बाळंतपण कधी, हेही कळतं. मी पंचवीस वर्षं लोकलने जातेय. मला समोरच्या सीटवरचीचं नावसुद्धा माहीत नसतं.

कागल येतं. आई सरसावून बसते. “सांग हं मला.”

पूल येतो. खाली दूधगंगा, मे महिना असल्याने अंग चोरून वाहणारी. दोन म्हशी, एक पोहणारं पोरगं. पूल संपतो.

“झाले विकतची,” आई म्हणते.

थोड्याच वेळात पाट्या बदलतात. गोल, वेटोळी, लोण्यातून काढल्यासारखी अक्षरं. आई एकेक पाटी निरखते. चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला वाचायला शिकवलेली बाई आहे ही. एका दुकानाच्या पाटीवर बोट ठेवल्यासारखं करते, दुसऱ्या पाटीवर तेच अक्षर शोधते, सापडल्यावर खूश होते. “हा ‘र’ असणार.” असेलही. इंग्रजीतही लिहिलंय, हे मी तिला सांगत नाही.

निपाणीला मात्र खिडकीखालून येणारी हाक मराठीच. “शेंगाऽऽ, भाजल्याल्या शेंगाऽऽ.” हे गाव १९५६च्या १ नोव्हेंबरपासून त्या बाजूला गेलं. आमची मावशी १९७१ साली लग्न होऊन बेळगावला गेली, तेव्हा आजोबांना शेजारी विचारत, मुलगी परराज्यात दिलीत? आजोबा म्हणत, मी बेळगावात दिली. आई हे दरवर्षी निपाणीलाच सांगते. मी दरवर्षी शेंगा घेते.

संकेश्वर जातं. ऊन काचेतून मांडीवर येतं. आई झाकण उचलून खोक्यात नाक घालते, एक आंबा वरून खाली, खालचा वर करते. उद्या खायचे आणि चार दिवसांनी खायचे, अशी तिची मांडणी आहे. ती राहण्याच्या दिवसांनाही लागू होते. रात्र राहिल्याशिवाय ती एखाद्याकडे गेले असं म्हणत नाही. चहा पिऊन निघणं म्हणजे तिच्या लेखी वसुलीला येणं.

बेळगाव. रिक्षा टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकते. मालगाडी जाते, संपतच नाही. आई डबे मोजते, चाळिसाला कंटाळते.

मावशी फाटकातच उभी.

“किती वेळ गं ताई! मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.”

“आलो काय, बायो? आले म्हण.”

“इकडं सगळ्या असंच म्हणतात. ये की आत.”

पन्नासहून जास्त वर्षांत ‘आले’चं ‘आलो’ झालंय आणि आईने ते एकदाही तपासायचं सोडलेलं नाही. दोघी एकमेकींकडे नीट बघतात. काय बघतात ते मला कळतं, म्हणून मी खोका आत नेते.

पिशवी ओट्यावर उपडी होते. आमसुलं मावशी हुंगते, डोळे मिटते. चटणीची बरणी उघडून बोट बुडवते. जेवणं होतात, भांडी होतात, कुंद्याची वाटी पुढे येते. बाहेर एकाएकी अंधारून वळीव येतो, गच्चीवरचे सांडगे आणायला तिघी धावतो. आई गुडघ्यासकट.

ओले सांडगे पंख्याखाली पसरून झाल्यावर मावशी म्हणते, “उद्या गोकाकला जाऊया.”

“धबधबा बघायला? मे महिन्यात?”

“पाणी नसतंय आता. पण करदंट मिळतंय. आणि मला बस फुकट.”

२०२३पासून कर्नाटकातल्या बायकांना तिथल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. कार्ड मात्र कर्नाटकाचं हवं. हे आईला कळायला क्षणभर वेळ लागतो. मग ती पर्समधलं आधार कार्ड काढून मावशीच्या कार्डाशेजारी ठेवते. दोन्ही फोटो सारखेच वाईट.

“म्हणजे इथे तू फुकट आणि मी विकत.”

“तुझं मी काढतो.”

“काढते.”

“काढतो,” मावशी म्हणते, आणि करदंटाला जागा होईल का म्हणून पिशवीत डोकावते.