डिस्कसची जोडी आणि उजनीची चिलापी

इंदापूर तालुक्यातील भिगवणच्या मासळी बाजारात येणारी चिलापी आणि हौशी लोकांच्या काचेच्या टाकीत वाढणारा महागडा डिस्कस हे दोन मासे रूपाने आणि किमतीने एकमेकांपासून कितीही दूर असले, तरी प्राणिशास्त्र त्यांना सिक्लिड या एकाच कुळात घालते. पिलांची निगा राखणे हे या कुळाचे ठळक लक्षण होय. मात्र ती निगा कोणी आणि कशी राखावी याबाबत दोघांच्या रीती भिन्न आहेत, आणि डिस्कसची वीण घरच्या टाकीत अवघड का जाते याचे उत्तर या भिन्नतेतच सापडते.

मूळची आफ्रिकेतील असलेली चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात ती चांगलीच फोफावली. नर तळाशी खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालून ती लगेच तोंडात घेते आणि पुढचे दोन ते तीन आठवडे अंडी व पिले तिच्या तोंडातच वाढतात, त्या काळात ती जवळजवळ उपाशी असते. नराचे काम फलनापाशी संपत असल्यामुळे येथे जोडी टिकण्याची गरज उरत नाही. शिवाय गढूळ किंवा क्षारयुक्त पाणीही या माशाला मानवते.

डिस्कसचा संसार मात्र दोघांवाचून चालत नाही. अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील, ताटलीसारख्या गोल आणि चपट्या अंगाच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन योहान हेकेल यांनी 1840 मध्ये केले. त्याचे नर आणि मादी बाहेरून खात्रीने ओळखता येत नाहीत, म्हणून जाणकार पाळणारे सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवतात आणि जोडीदार निवडण्याचे काम माशांवरच सोपवतात. वर्ष-दीड वर्षात वयात आल्यावर त्यांतील दोघे टाकीचा एक कोपरा अडवून इतरांना तेथून हुसकावू लागतात, एकमेकांसमोर मान झुकवल्यासारखी हालचाल करतात, अंगाला कंप देतात आणि मातीच्या उभ्या शंकूचा किंवा काचेचा पृष्ठभाग तोंडाने घासून स्वच्छ करतात. विणीच्या वेळी पोटाखाली दिसणारी प्रजनननलिका मादीत रुंद व बोथट, तर नरात बारीक व टोकदार असते, आणि लिंग ओळखण्याची त्यातल्या त्यात भरवशाची खूण तीच होय. कारण कधी कधी दोन माद्याही जोडीसारख्या वागतात, अंडीही घालतात, पण ती अर्थातच फळत नाहीत.

मादी उभ्या पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते आणि नर मागोमाग त्यांचे फलन करतो. शंभर-दोनशे अंड्यांच्या त्या पुंजक्याला दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालतात आणि बुरशी लागून पांढरी पडलेली अंडी वेचून काढतात. 28 ते 30 अंश सेल्सिअस तापमानाला साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पोहू लागलेली पिले थेट आई-बापांच्या अंगाला जाऊन भिडतात. माशाच्या त्वचेवर जो बुळबुळीत स्राव असतो त्याला श्लेष्म म्हणतात, आणि डिस्कसच्या पिलांचा पहिला आहार तोच असतो. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी ब्राझीलमधील सहकाऱ्यासह 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की विणीच्या काळात या श्लेष्मातील प्रथिने आणि प्रतिपिंडे, म्हणजे रोगाचा प्रतिकार करणारे घटक, वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पालक पिलांपासून अधूनमधून दूर पोहू लागतात, म्हणजे सस्तन प्राण्यांप्रमाणे त्यांना हळूहळू अंगावरून तोडतात. एक पालक थकला की तो अंगाला झटका देऊन पिलांचा घोळका दुसऱ्याकडे सोपवतो. अन्नच दोन देहांवर वाटलेले असल्याने जोडी टिकणे ही येथे पिलांच्या जगण्याची अट ठरते.

दुसरी अट पाण्याची असून बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तीच अधिक कठीण आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या ऊस घेणाऱ्या या भागात क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना आहे, आणि अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड, म्हणजे साबणाचा फेस न होऊ देणारे, असते. अशा पाण्यात प्रौढ डिस्कस जगतो, अंडीही घालतो. परंतु अंडी फळण्याचे आणि फुटण्याचे प्रमाण फार घटते. शेतकरी माती-पाणी तपासणीच्या अहवालात सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक, आणि विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, हे दोन आकडे पाहतात, आणि टाकीसाठीही तेच आकडे उपयोगी पडतात. विणीच्या टाकीत सामू साधारण 6 ते 6.5 आणि विद्युतवाहकता 0.1 ते 0.2 डेसीसायमन प्रति मीटर असावी लागते, तर जड पाण्यात ही वाहकता सहज 1 च्या पुढे जाते. म्हणून आरओ यंत्राच्या पाण्यात थोडे नेहमीचे पाणी मिसळून ती उतरवावी लागते.

नवी जोडी पहिल्या एक-दोन विणींत अंडी किंवा पिले खाऊन टाकते, तेव्हा अनेक जण घाई करून अंडी वेगळ्या भांड्यात काढतात किंवा जोडीच मोडतात. वास्तविक सततची वर्दळ, लख्ख उजेड आणि टाकीतील इतर मासे ही कारणे आधी दूर करून त्याच जोडीला पुढची संधी देणे अधिक फलदायी असते, कारण अंडी वाचवून पिले निघाली तरी श्लेष्माची जागा भरून काढणारा आहार देणे फार जिकिरीचे असते. पिले पोहू लागून चार-पाच दिवस झाल्यावर आर्टेमिया या सूक्ष्म कवचधारी प्राण्याची नुकतीच फुटलेली पिले त्यांना जोडआहार म्हणून देता येतात, परंतु पालकांना लगेच हलवू नये. जोडी खऱ्या अर्थाने जमली की नाही, याचा निवाडा अंड्यांच्या संख्येवरून होत नाही. दुसऱ्या आठवड्यात पिले दोन्ही पालकांच्या अंगावर आळीपाळीने चरत असतील, तरच ती जोडी पुढच्या विणीसाठी राखून ठेवावी.