फुलशेतीची सरकारी नोंद : का व कशी



झेंडू, शेवंती, अबोली, जास्वंद ही फुले आपण नित्य देवाच्या चरणी अर्पण करतो. परंतु हार हाती घेताना तो कोणाच्या कष्टातून आला, याचा विचार क्वचितच मनात येतो. गुंजी व खानापूर परिसरातील जे भाविक विक्रीसाठी फुले किंवा रोपे पिकवितात, त्यांच्या हिताचा एक विषय आज आम्ही येथे मांडीत आहोत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. मंदिरे बंद, लग्नकार्ये थांबलेली, यात्रा रद्द. उमललेले फूल धान्याप्रमाणे कणगीत ठेवता येत नाही. ते शेतातच सुकले. ६ मे २०२० रोजी कर्नाटक शासनाने ११,६८७ हेक्टरांवरील फुलपिकांचे नुकसान झाल्याचे सांगून हेक्टरी २५,००० रुपये, कमाल एका हेक्टरापर्यंत, मदत जाहीर केली. २०२१ मध्ये ती हेक्टरी १०,००० रुपये होती. पहिल्या दराने दहा गुंठ्यांस सुमारे अडीच हजार रुपये होतात. मदत क्षेत्रावर मोजली जाते. ज्याच्या उताऱ्यावर फुलांचा उल्लेखच नाही, त्याने आपले नुकसान कशाच्या आधारे दाखवावे?

ही मोजणी होते कशी, ते आता पाहू. देशात १९७०-७१ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी कृषी गणना होते. तीत प्रथम सर्व वहितीदारांची यादी केली जाते व नंतर निवडलेल्या सुमारे वीस टक्के गावांतून पिकांचा तपशील घेतला जातो. अकरावी गणना २०२१-२२ या वर्षासाठी झाली. याशिवाय फळे, भाज्या व फुले यांचे क्षेत्र आणि उत्पादन यांचे अंदाज राज्यांच्या माहितीवरून केंद्रीय कृषी मंत्रालय प्रसिद्ध करते. आपल्या राज्यात २०१७ पासून पीक समीक्षाही होते. खरीप, रब्बी व उन्हाळी हंगामांत सर्व्हे नंबरनिहाय शेतात जाऊन मोबाईलवर छायाचित्रासह पिकाची नोंद केली जाते. २०२० पासून शेतकऱ्यास स्वतःही ती करता येऊ लागली.

तथापि फुलांची गणती भाताइतकी सरळ नाही. भात एकदा कापला की माप हाती येते. झेंडूची तोडणी मात्र अनेक वेळा होते व दर वेळी वजन निराळे भरते. सुटी फुले वजनावर, तर लांब दांड्याची फुले पूर्वी नगांवर मोजली जात. त्यामुळे दोहोंची बेरीज करणेही अवघड होई. मिरचीच्या वाफ्याकडेचा झेंडू, परड्यातील अबोली, बांधावरील जास्वंद हे मुख्य पीक नसल्याने सहज निसटते. पाहणी करणारा दसऱ्यानंतर आला, तर त्यास रिकामे शेतच दिसते.

नोंद झाली तर कर लागेल, अशी शंका काहींच्या मनात असते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र शासनाचा प्राप्तिकर नाही, आणि रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही शेती उत्पन्नच मानावे, असे २००८ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केले आहे. म्हणून या भीतीने माहिती लपविण्याचे कारण नाही.

फुले उत्पादक भाविकांस आमची नम्र विनंती अशी :

१. पीक शेतात उभे असतानाच समीक्षेत नोंद करून घ्यावी.
२. मिश्र पीक असल्यास फुलांचे गुंठे वेगळे सांगावेत.
३. नोंद चुकली असल्यास ‘बेळे दर्शक’ या ॲपवर पाहून मुदतीत हरकत घ्यावी.
४. शासकीय लाभांसाठीची ‘फ्रूट्स’ नोंदणी पूर्ण ठेवावी.
५. तोडणीची तारीख, वजन व मिळालेला दर एका वहीत लिहून ठेवावा.

ज्यांना मोबाईलवरील हे काम जमत नाही, अशा वडीलधाऱ्यांस घरातील व शेजारच्या तरुणांनी साहाय्य करावे. सरकारी आकडा दूरच्या कचेरीत छापला जात असला, तरी त्याचा आरंभ आपल्याच बांधावर होतो. बाजार कोठे असावा, शीतगृह कोठे बांधावे, अनुदान किती ठेवावे, हे पुढे त्याच आकड्यांवरून ठरते. देवाला वाहिलेल्या फुलामागील कष्टांची दफ्तरातही नोंद व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.