तुळजापूरची पायी वारी आणि न दुखणारा पाय

कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरच्या रूपाभवानी मंदिराजवळून तुळजापूरकडे माणसांचा ओघ सुरू होतो. वाहनांची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली जाते आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. तामलवाडी, माळुंब्रा मागे टाकत सुमारे ४५ किलोमीटर चालून भाविक रातोरात बालाघाटाच्या डोंगरावर पोहोचतात. कर्नाटकातूनही पायी येणारे असतात. त्यात तरुण असतात, तसे साठी ओलांडलेलेही. अनेकांचा अनवाणी चालण्याचा नवस असतो.

सोलापूरपेक्षा तुळजापूर जेमतेम दोनशे मीटर उंच आहे. पण घाटाची चढण येते शेवटी, पाय थकलेले असताना. त्यानंतर मंदिरात जाण्यासाठी पायऱ्या उतरायच्या असतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत अंगाचा भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवते. ते विश्रांतीने आपोआप कमी होते. वाटेत पाणी कमी पिऊन वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास मात्र मूत्रपिंडाला धोका पोहोचू शकतो. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर घरी थांबू नये, रुग्णालय गाठावे.

मधुमेह असेल तर

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती न दुखणाऱ्या पायाची. मधुमेह अनेक वर्षांचा असला, साखर ताब्यात नसली, की पायाच्या नसांची संवेदना कमी होत जाते. ज्याचा पाय दुखतो, तो थांबून खडा काढतो. ज्याला दुखतच नाही, तो काच रुतली तरी घाटापर्यंत चालत राहतो. जखम दिसते ती घरी गेल्यावर, कधी चादरीला डाग पडल्यावर. रक्तपुरवठाही कमी असेल, तर ती चिघळते आणि बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते.

पायाची संवेदना तपासणे सोपे आहे. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो स्पर्श कळला नाही, तर अनवाणी चालू नये. नवसाचा प्रश्न नाजूक असतो. अशा वेळी घरच्यांनी रागावण्यापेक्षा एक मार्ग सुचवावा : वाट मऊ, वापरून सैल झालेल्या बुटांत चालावी आणि बूट मंदिराच्या दारात काढावेत. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत.

दुसरा धोका साखर उतरण्याचा. उपवास, रात्रभराची चाल आणि नेहमीइतकीच गोळी किंवा इन्सुलिन, हे तिन्ही एकत्र आले की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो. सोबत्यांना वाटते, थकवा आला. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. औषधाची मात्रा किती कमी करायची, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने औषध बंद करू नये.

घाट चढताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, एकाएकी धाप लागणे, यांना पित्त समजू नये. तिथेच बसावे आणि मदत मागावी.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. जिच्या दर्शनाला ही वाट चालायची, ती देवीही श्रमानंतर विसावते. मग भाविकाने दर तासाला दहा मिनिटे बसण्यात कमीपणा कसला? बसल्यावर तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसतील, तर सोबत्याला दाखवावेत.