कोऱ्या पानाची भीती

बँकेत छत्तीस वर्षे मी आकड्यांचे रकाने भरले. परंतु निवृत्तीनंतर आमच्या कापड दुकानाच्या सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका करावयास घेतली, तेव्हा संगणकावरील कोऱ्या पानापुढे आठ दिवस हात चालेना. २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले ‘इंकस्केप’ नातीने शिकविले होते. साधने अवगत झाली. कल्पना मात्र सुचेना.

अखेर नात म्हणाली, “आजोबा, आधी रकाने आखा ना!” मर्म उमगले. ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. दोनच रंग आणि एकच अक्षरवळण, एवढी मर्यादा स्वतःस घालून घेतली. मग उत्तमाचा हट्ट सोडून पेन्सिलीने पाच कच्चे आराखडे काढले. चौथ्यात वडिलांचा कापड मोजण्याचा लाकडी गज सहज उमटला होता. तोच पत्रिकेची कड झाला. बिंदू व वक्ररेषांच्या गणिताने घडणारे असे चित्र कितीही मोठे केले तरी धूसर होत नाही. म्हणून तोच गज पुढे दुकानाच्या फलकावरही चढला. वडील आज असते, तर क्षणभर त्यापुढे थांबले असते.

वाचकहो, भवानी किती होईल याचा विचार करीत कोणी दुकान बंद ठेवीत नाही. कल्पनेच्या पेढीचेही तसेच आहे. आधी दार उघडावे लागते.